अल्टरनेटर नवा, तरी बॅटरी उतरते: जुन्या कॅम्पर व्हॅनमधला चार्जिंगचा दोष कसा शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८८ सालची कॅम्पर व्हॅन, इंजिन मागे, बॅटरी पुढच्या सीटखाली. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, मग मेकॅनिकच्या सांगण्यावरून अल्टरनेटरही (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा) नवा बसवला. तरी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्टच दिसतात. रात्री हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो. दिवे, पंखा, फ्रिज चालवणारी दुसरी बॅटरी दिवसभराच्या प्रवासानंतरही अर्धीच भरते. आता कोणी म्हणतो नवा अल्टरनेटरच खराब निघाला, कोणी म्हणतो रेग्युलेटर (त्याचे व्होल्ट आवाक्यात ठेवणारा भाग) बदला.

आधी एक विनंती: आता काहीही विकत घेऊ नका. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक मदतनीस आणि दोन मोकळे तास एवढ्यावर हा दोष सापडतो. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा संशय अल्टरनेटरवर नाहीच. तो आहे अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्या मधल्या वाटेवर.

एक गोष्ट नीट समजली की पुढचे सगळे सोपे जाते. जुन्या गाड्यांतल्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि तो स्वतःच्या टोकावरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, मोजतो. आपल्या टोकाशी १४.२ व्होल्ट आहेत एवढे त्याला दिसते, त्याचे समाधान होते आणि तो तिथेच थांबतो. चार मीटर केबल, सात-आठ जोड आणि एक गंजलेली अर्थ पट्टी (करंट बॉडीमार्फत मायनसकडे परत नेणारी) पार करून बॅटरीपर्यंत किती पोहोचले, हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून नवा अल्टरनेटर लावूनही तुमचा आकडा हलला नाही. नव्यालाही तीच वाट मिळाली.

दोन बॅटऱ्या का गेल्या तेही यातच आहे. शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर दाब लागतो. १३.१ वर ती कधीच भरत नाही, कायम अर्धपोटी राहते. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि काही महिन्यांत बॅटरीची ताकद निघून जाते. दुकानदार म्हणतो सेल गेला, आपण नवी घेतो आणि तीही त्याच उपासमारीत मरते.

आता कामाला लागू. सुरुवात बॅटरीपासूनच करा, कारण खराब बॅटरीवर घेतलेला कुठलाही आकडा फसवा असतो. बाहेरच्या चार्जरने ती रात्रभर भरा, मग चार्जर काढून निदान चार-पाच तास तशीच राहू द्या. छतावर सोलर पॅनल असेल तर त्याचा फ्यूज काढून ठेवा. सोलर चालू असताना लोक चार्जिंग मोजतात, आकडा चांगला दिसतो आणि मूळ दोष महिनोन्‌महिने लपून राहतो, हे मी बऱ्याचदा पाहिले आहे. आरामात असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. रात्रभर भरूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. मग मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा: सेल्फ फिरत असताना दाब ९.६ च्या खाली जाता कामा नये. जात असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फ मोटर जास्त करंट खाते आहे. बॅटरीवर झाकणे असतील तर हायड्रोमीटरही (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावा. प्रत्येक सेलमध्ये १.२६५ च्या वर यायला हवे, आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर त्या बॅटरीवर वेळ घालवू नका.

बॅटरी ठीक निघाली की खरी तपासणी सुरू होते. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, गाडी मोकळ्या हवेत उभी करा आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून लांब ठेवा. इंजिन चालू करून साधारण २००० आरपीएमवर धरा. हेडलाइट हायबीमवर, हीटरचा पंखा पूर्ण वेगात, मागची काच गरम करणारी तार चालू. हा लोड अत्यावश्यक आहे. जोडातला दोष करंट वाहतो तेव्हाच दिसतो. लोड नसताना गंजलेला जोडही नव्यासारखा वागतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि चार आकडे घ्या. पहिला, अल्टरनेटरच्या बी प्लस टोकापासून (जिथून जाड केबल निघते) अल्टरनेटरच्याच अंगापर्यंत, म्हणजे धातूच्या कवचापर्यंत. दुसरा, बॅटरीच्या प्लसपासून मायनसपर्यंत. तिसरा, बी प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. चौथा, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. शेवटच्या दोन मोजमापांत मीटरचे एक टोक गाडीच्या मागे आणि एक पुढे असेल, त्यामुळे एखादी लांब वायर जोडून घ्यावी लागेल. त्या वायरीच्या जाडीची चिंता नको, मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही.

समजा अल्टरनेटरवर १४.२ आहेत आणि बॅटरीवर तुमचे १३.१. म्हणजे वाटेत १.१ व्होल्ट हरवले. तिसरा आणि चौथा आकडा मिळून बरोबर १.१ भरला पाहिजे. समजा प्लसच्या बाजूला ०.८ आणि मायनसच्या बाजूला ०.३ आले. बेरीज जुळली म्हणजे मोजमाप बरोबर आहे, आणि कुठल्या बाजूला किती हरवते तेही कळले. प्लसच्या बाजूला ०.३ आणि मायनसच्या बाजूला ०.२ पर्यंत मी जुन्या गाडीत चालवून घेतो. त्याच्या वर गेले की शोध घ्यायचा. मात्र अल्टरनेटरच्या स्वतःच्या टोकावरच १३.५ च्या खाली येत असेल तर दोष खरोखर तिथेच आहे. त्याकडे पुढे येतो.

इथे बरेच जण विचारतात, व्होल्ट कशाला, सरळ ओहम मोजू की. मोजून बघा, काही हाती लागणार नाही. ४० अँपिअरला ०.८ व्होल्ट पाडणारा जोड म्हणजे अवघा ०.०२ ओहम. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याच्या दहापट असतो. पण तोच जोड ३२ वॅट उष्णता तयार करत असतो, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. म्हणून मीटरइतकाच हातही कामाचा आहे. दहा मिनिटे लोडवर चालवून इंजिन बंद करा आणि प्रत्येक जोडाला सावधपणे बोट लावत जा. चांगला जोड शेजारच्या केबलइतकाच असतो. खराब जोड चटका देतो.

प्लसची वाट मागे इंजिन असलेल्या गाड्यांत अशी असते: अल्टरनेटरच्या बी प्लसपासून एक केबल सेल्फ मोटरच्या मोठ्या बोल्टवर येते आणि तिथून जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे बॅटरीपर्यंत जाते. फोक्सवॅगनच्या टी३ मध्ये हीच मांडणी आहे. जर्मन बनावटीच्या गाडीत टोकांवर आकडे लिहिलेले असतात, ते डीआयएन ७२५५२ या मानकाचे: ३० म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, ३१ म्हणजे अर्थ, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस, ५० म्हणजे सेल्फची वायर, ६१ म्हणजे चार्जिंगच्या दिव्याची. हे पाच आकडे पाठ केले तर निम्मे वायरिंग वाचता येते. आता ते ०.८ टप्प्याटप्प्याने पकडा. बी प्लस ते सेल्फचा बोल्ट किती? बोल्टपासून बॅटरीच्या लगपर्यंत (केबलच्या टोकावरचा धातूचा जोड) किती? आणि लगपासून बॅटरीच्या शिशाच्या खुंटापर्यंत किती? हा शेवटचा आकडा घेताना एक टोक लगवर आणि दुसरे थेट खुंटाच्या माथ्यावर टेकवा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले दिसतात, तरी मधल्या राखाडी थरात अर्धा व्होल्ट सहज हरवतो.

सेल्फवरचा जोड सर्वांत कुप्रसिद्ध. तो खाली, रस्त्याच्या पाण्या-चिखलात असतो आणि तिथवर हात पोहोचत नाही म्हणून कोणी उघडत नाही. बॅटरीचा मायनस काढून मगच तिथे पाना लावा. नट सोडून लग बाहेर काढा आणि लगच्या मागे इंचभर रबर कापून आतले तांबे बघा. चांगले तांबे गुलाबीसर चमकते. बाहेरून काळीभोर, निरोगी दिसणारी केबल आतून हिरव्या भुकटीने भरलेली मी कितीदा पाहिली आहे. चिमटीत धरून वाकवली तर आतल्या तारा वाळूसारख्या करकरतात. अशी केबल घासून साफ होत नाही. मूळ जाडीची किंवा एक माप जाड नवी केबल टाका आणि लग नीट क्रिंप करून घ्या.

मायनसच्या बाजूबद्दल माझाच एक अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. कामाला लागून थोडीच वर्षे झाली असताना माझ्या स्वतःच्या व्हॅनमध्ये चार्जिंग कमी दिसू लागले. मी न मोजता अल्टरनेटर बदलला. फरक पडला नाही, म्हणून रेग्युलेटर बदलला. तरी नाही. एका थंड सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागला आणि त्यानंतर सहज अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लागला. ती गरम होती. तिच्यावरचे प्लास्टिकचे कव्हर एके ठिकाणी मऊ पडले होते. इंजिन बंद, मग या केबलला उष्णता कुठून? गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थ पट्टी शोधली तर तिच्या विणलेल्या तारांपैकी जेमतेम दहावा भाग शिल्लक होता. बाकीच्या गंजून तुटल्या होत्या. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परत जायला वाट शोधत होता आणि त्याला ती अॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडली होती. पट्टी बदलायला वीस मिनिटे लागली. त्या दिवसापासून मी पट्ट्या आधी बघतो.

तुमच्या गाडीत तीन अर्थ आहेत: बॅटरीचा मायनस ते बॉडी, बॉडी ते गिअरबॉक्स किंवा इंजिन, आणि इंजिन ते अल्टरनेटरचा ब्रॅकेट. तिसरा लोक विसरतात. अल्टरनेटर नवा बसवताना ब्रॅकेटला रंग मारला असेल किंवा बोल्ट गंजके असतील तर तिथेही दाब पडतो. प्रत्येक जोड सोडा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा. रंगावर आवळलेला अर्थ हा अर्थच नव्हे.

आता तुमच्या मंद दिव्याकडे येऊ. मला तुमच्या प्रश्नातली ही सर्वांत बोलकी खूण वाटली. बॅटरीच्या लाल दिव्याच्या एका बाजूला चावीवरून येणारा प्लस असतो आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचे डी प्लस नावाचे छोटे टोक. चावी फिरवली आणि इंजिन बंद असले की दिव्यातून थोडा करंट रोटरमध्ये (अल्टरनेटरच्या आत फिरणारा भाग) जातो आणि अल्टरनेटरला जागा करतो. इंजिन चालू झाले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा मंद पेटतो याचा अर्थ दोन बाजूंत फरक राहिला आहे. तुमच्याकडे डी प्लसवर १४.२ आणि चावीच्या बाजूला १३ च्या आसपास असेल, तर त्या एका व्होल्टवर दिवा मिणमिणणारच, आणि हेडलाइट लावून करंट वाढला की जास्त. अर्थच्या दोषाने असे होत नाही, कारण तो दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच खाली खेचतो. म्हणून या दिव्यावरून माझे बोट प्लसच्या केबलकडे जाते. ती निर्दोष निघाली तर चावीचा जुना स्विच बघा. त्याचे आतले संपर्क झिजले की १५ नंबरच्या वायरीवर दाब पडतो आणि चार्जिंग उत्तम असूनही दिवा मिणमिणतो.

दिव्याच्या आणखी दोन खुणा सांगून ठेवतो. चावी फिरवल्यावर तो पेटतच नसेल तर बल्ब, त्याची वायर किंवा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश यांपैकी काहीतरी गेले आहे. अशा वेळी बरेच अल्टरनेटर जोराची रेस दिल्याशिवाय जागेच होत नाहीत. डॅशबोर्डचे सगळे बल्ब हौसेने एलईडी केलेल्या गाड्यांत हेच होते, कारण एलईडीतून रोटर जागा करण्याइतका करंट जात नाही. त्या एका जागी जुना तारेचाच बल्ब ठेवा. आणि चावी काढलेली असतानाही दिवा पेटत असेल तर आतला एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाला आहे. तोच डायोड रात्रभर बॅटरी पितो, आणि सकाळी थंड इंजिनवर अल्टरनेटर मात्र कोमट लागतो.

अल्टरनेटरच्याच टोकावर दाब कमी असेल तर आधी बेल्ट. जुन्या व्ही बेल्टच्या कडा पुलीच्या दोन्ही बाजूंना टेकायला हव्यात. पुलीचा तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसला आहे आणि ताणूनही सटकणार. मग ब्रश. नवे असताना ते साधारण सेंटिमीटरभर बाहेर असतात, ५ मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचे, आणि बहुतेक जुन्या अल्टरनेटरांत रेग्युलेटरसकट दोन स्क्रू काढून ते बाहेर येतात. डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून बी प्लस आणि अंग यांच्यामध्ये लोडवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर एखादा डायोड गेला आहे. मात्र आधी हाच मीटर बंद गाडीच्या बॅटरीवर एसीत लावून बघा. काही स्वस्त मीटर तिथेही २०-२५ व्होल्ट दाखवतात. तसा मीटर या कामाला निरुपयोगी.

एक सक्त ताकीद. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून गाडी चालते का बघायची, ही जुनी युक्ती कोणी सुचवली तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. बॅटरी सुटल्या क्षणी दाब उसळतो आणि रेग्युलेटर, डायोड, रेडिओ सगळे एका झटक्यात जाऊ शकते.

दुसऱ्या बॅटरीचे गणित पहिल्यावर उभे आहे. गाडीच्या बॅटरीवर १३.१ असतील तर मागे त्याहून कमीच जाणार, म्हणून आधी पहिला दोष काढा. त्यानंतरही फरक राहिला तर दोन्ही बॅटऱ्या कशा जोडल्या आहेत ते बघा. डायोडचा आयसोलेटर (दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा भाग) असेल तर तो जन्मतःच ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो, म्हणून मी तो काढून रिले (विजेवर चालणारा स्विच) लावायला सांगतो. रिले असेल तर इंजिन चालू असताना त्याच्या दोन जाड टोकांमध्ये मोजा. ०.१ च्या वर आले तर आतले संपर्क जळाले आहेत. रिले डी प्लसवरून चालत असेल तर त्या टोकावर आणखी काही लटकवू नका, ते टोक आतल्या तीन छोट्या डायोडांवर चालते. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. दोन्हीकडे बॅटरी आहे, म्हणजे मध्ये कुठेही केबल घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंनी आग लागू शकते. लाकडी कपाटे आणि गादी असलेल्या गाडीत यावर तडजोड नको.

हाच रिले चिकटून बसला की उभ्या गाडीत घरचे, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरचे, दिवे आणि पंखा गाडीच्या बॅटरीवरही चालतात. इंजिन बंद करून थोड्या वेळाने दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसमध्ये मीटर लावा. अगदी शून्य आले तर घरचे दिवे लावा आणि गाडीच्या बॅटरीचा दाब खाली येतो का बघा. आला तर रिले चिकटला आहे. फ्रिजचा वेगळा रिले असेल तर तोही बघा. गॅसवर आणि १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज बॅटरीवर ८ ते १० अँपिअर घेतो. तो चालू राहिला तर १०० अँपिअर-अवरची बॅटरी एका रात्रीत झोपते.

दोन-तीन दिवसांत गाडी सेल्फ घेत नाही यामागे अर्धवट चार्जिंग तर आहेच, पण गळतीही मोजून टाका. चावी काढा, दारे लावा, बॅटरीची मायनस वायर सोडून मीटर १० अँपिअरवर मधे जोडा. या जोडणीत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जुन्या गाडीत घड्याळ आणि रेडिओची मेमरी धरून ०.०३ च्या आसपास यावे, ०.०५ च्या वर गेले तर शोधायचे. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-अवर, आणि आधीच अर्धी असलेली बॅटरी तीन दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कुठे पडतो बघा. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची बी प्लस वायर बॅटरी सोडून मग वेगळी करा आणि पुन्हा मोजा. नंतरच्या काळात कोणीतरी जोडलेला रेडिओ, अलार्म, पायरीचा दिवा यांवर माझा पहिला संशय असतो.

आधी ते चार आकडे लोडवर घ्या. जोड साफ करून किंवा केबल बदलून झाल्यावर तेच चार आकडे पुन्हा घ्या, आणि अर्धा तास गाडी चालवून इंजिन गरम असताना आणखी एकदा. गरम अल्टरनेटरवर १३.८ दिसले तर घाबरू नका, रेग्युलेटर उष्णतेत दाब थोडा उतरवतोच. हे तीन संच आणि चावी काढल्यावरची गळती मला लिहून पाठवा. सोबत सेल्फवरच्या लगचा, रबर कापल्यानंतरचा फोटोही.